एक सीएसआय, एक ८५०आय : गॅरेजच्या नोंदी

९ मार्च २०२४, शनिवार

ही वही आजपासून. काय ठरलं ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे "मी असं म्हणालोच नव्हतो" व्हायला नको.

जर्मनीत, इसार नदीच्या काठी, लांड्सहूट आणि डिंगोल्फिंगच्या मध्ये एका खेड्यात मास्तरांचं गॅरेज आहे. गावात सगळे त्यांना 'माइस्टर' म्हणतात. माझ्या तोंडात पहिल्या दिवसापासून मास्तर बसलं आणि त्यांनी ते चालवून घेतलं. वय ७४, उभी हयात डिंगोल्फिंगच्या कारखान्यात. गॅरेजात दोन बीएमडब्ल्यू झाकून ठेवलेल्या : १९७३ची ३.० सीएसआय आणि १९९१ची ८५०आय. सहा वर्षांत दोन्हींनी ऊन पाहिलेलं नाही. मास्तरांचे गुडघे गेलेत, खाली वाकवत नाही. त्यांचा प्रस्ताव असा : मी शनिवार-शनिवार यायचं, दोन्ही गाड्या रस्त्यावर आणायच्या, आणि मग त्यातली एक मला रास्त भावात. "कुठली ते आज सांगू नकोस," म्हणाले. "दोन्हींच्या खाली आडवा हो, मग बोल."

खरं तर माझं आजच ठरलेलं होतं. नाना पेठेत काकाचं स्पेअर पार्टचं दुकान. गल्ल्यामागच्या भिंतीवर १९९३-९४च्या सुमाराला लाल ८५०आयचा एक फोटो चिकटवलेला होता, कुठल्याशा मासिकातून कापलेला. दिवे मिटलेले, नाक जमिनीला टेकल्यासारखं. शाळेतून येता-जाता तो फोटो मी पाठ केला. सीएसआय कशाशी खातात हे जर्मनीत येईपर्यंत मला माहीत नव्हतं.

१६ मार्च

कव्हरं काढली. दोन्ही गाड्या ढकलत अंगणात आणून शेजारी लावल्या. सीएसआय दोघांनी ढकलली. ८५०आयला शेजारचा शेतकरी बोलवावा लागला.

हा फरक कागदावरही आहे. सीएसआय १,४०० किलोच्या आसपास, ८५०आय १,८०० किलोला टेकलेली. सीएसआयला २,९८५ सीसीचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन, बॉशचं डी-जेट्रॉनिक इंजेक्शन, २०० अश्वशक्ती आणि चार गिअर. १९६८ला २८०० सीएस आली, तिची ही १९७१पासूनची पुढची पायरी. बॉडी ओस्नाब्रुकच्या कारमान कंपनीकडे बनायची. ८५०आय सप्टेंबर १९८९मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली : ४,९८८ सीसी, १२ सिलिंडर, ३०० अश्वशक्ती, आमच्या गाडीला हाताने टाकायचे सहा गिअर, आणि ताशी २५० किलोमीटरला इलेक्ट्रॉनिक्सने घातलेला लगाम.

रूप बघितलं तर दोघींत नातं कुठे आहे ते चटकन कळत नाही. सीएसआयचं छत बारीक खांबांवर छत्रीसारखं ठेवलेलं, आत बसलं की चारी बाजूंनी उजेड. ८५०आय म्हणजे रुंद, बसकी पाचर. दिवे मिटले की डोळे झाकून पडलेली मगर. मास्तरांनी दोन्हींच्या चारही काचा खाली करायला लावल्या. सीएसआयच्या उतरल्या. ८५०आयची वीज मेलेली, म्हणून तिथे नुसता हात फिरवून दाखवला : "बघ, मधला खांब नाही." दोन्हींना नाही. काचा उतरल्या की अख्खी बाजू सताड उघडी. खांबच नसल्यामुळे ८५०आयचे पुढचे सीटबेल्ट सीटमधूनच निघतात. त्या काळी हे नवल होतं.

दुसरं साम्य नशिबाचं. ही सीएसआय ऑक्टोबर १९७३ची. महिन्याभरात तेलाचं संकट आलं आणि पश्चिम जर्मनीत २५ नोव्हेंबरपासून सलग चार रविवार मोटारी चालवायला बंदी. मास्तर तेव्हा २३ वर्षांचे. ऑटोबानवर मुलं सायकली चालवत होती म्हणतात. ८५०आय आली आणि दोन महिन्यांत बर्लिनची भिंत पडली, मग आखाती युद्ध, मग मंदी. बारा सिलिंडर मिरवण्याचा तो काळ नव्हता. गंमत म्हणजे पहिली पिढी सात वर्षांत आणि दुसरी दहा वर्षांत, दोन्ही साधारण तीस हजारांच्या जरा वर थांबल्या.

२३ मार्च

८५०आय. डिकीत दोन बॅटऱ्या, दोन्ही मेलेल्या. नव्या घातल्या. मास्तरांचा नियम : आधी वीज, मग वैद्य. बॅटरी अशक्त असेल तर ही गाडी वाटेल ते बरळते, नसलेले दोष सांगते.

दार उघडलं की काच आपणहून बोटभर खाली सरकते आणि दार लागलं की वर जाऊन रबरात बसते. डावी सरकली. उजवी नुसती कण्हली. मोटरचं ग्रीस सुकून मेण झालंय. हे कामाच्या यादीत चौदावं.

६ एप्रिल

सीएसआयचा पत्रा. फ्रिजवरचं शनिवारवाड्याचं चुंबक घरून आणलं होतं. छत : चिकटतंय. दारं : चिकटतायत. पुढच्या सस्पेन्शनच्या घुमट्या (इथेच या गाड्या मरतात असं मास्तर म्हणतात) : आश्चर्य, चिकटतंय. मग डाव्या दाराखालचा उंबरा. मागच्या टोकाकडून सरकवत आणलं, आणि मधोमध आल्यावर शनिवारवाडा टपकन फरशीवर.

रंगाखाली पुटी. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर आवाज कलिंगडासारखा. कोरायला घेतल्यावर दीड सेंटीमीटर जाड थर निघाला, आत काचतंतूची चिंधी, आणि तिच्यामागे काहीच नाही. कोणे एके काळी कुणीतरी भोक बुजवून वर सुंदर रंग मारून दिलाय. मास्तर बराच वेळ गप्प होते. ही गाडी त्यांनी १९८६ला घेतली तेव्हापासून ते त्या पुटीवर पॉलिश करत आलेत.

त्या काळच्या पत्र्याला गंजापासून आजच्यासारखं संरक्षण नसायचं. त्यात हा उंबरा म्हणजे एकात एक बसवलेले पत्रे. मधल्या पोकळीत पाणी आणि रस्त्यावरचं मीठ एकदा शिरलं की बाहेर पडायची वाट नाही. बाहेरून फोड दिसतो तोवर आतला पत्रा गेलेला असतो.

२० एप्रिल

उंबरा कापला. कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवा लोखंडी दांडा वेल्ड करून घेतला. मधला खांब नसलेल्या गाडीचा उंबरा काढला की ती केळ्यासारखी वाकते आणि मग दारं जन्मात बसत नाहीत. मास्तर स्टुलावर बसून चष्म्यावरून बघत होते. वेल्डिंग त्यांच्या ओळखीच्या एका पत्रेवाल्याने केलं, मी फक्त धरलं आणि भाजून घेतलं. बाहेरचा भाग तयार मिळाला. आतला त्याने सपाट पत्र्यातून वाकवला, तोही एका दुपारीत. पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल, हातोडी, वाळूची पिशवी. नाना पेठेच्या मागच्या गल्लीत हाच कार्यक्रम रोज चालतो.

तास : ९. उजवा उंबरा तपासला, शनिवारवाडा घट्ट. देवाची कृपा.

४ मे

सीएसआयचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट. या इंजिनात कॅम वर, रॉकरच्या टोकाला छोटी उत्केंद्री चकती, म्हणजे मध्य सोडून फिरणारी. १० मिलिमीटरचं नट ढिलं करायचं, चकतीच्या भोकात वाकडी तार घालायची, तारेने चकती फिरवत ०.३० मिलिमीटरचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) हलक्या घासटीने सरकेल इतपत फट ठेवायची आणि तार न हलवता नट आवळायचं. नट आवळताना तार हलतेच. मग पुन्हा पहिल्यापासून. बारा व्हॉल्व्ह, अडीच तास. तार म्हणजे मास्तरांनी सायकलच्या चाकाच्या आरीपासून केलेला आकडा, मधे बोट घासून घासून चकाकणारा.

पाचव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला फिलर शिरतच नव्हता. काकाला फोन लावला, पुण्यात रात्रीची जेवणं झाली होती. "अरे, वाजणारा टॅपेट चालतो," काका म्हणाले, "मुका टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. कंप्रेशन बघितलंस का?" बघितलं. बाकी पाचांच्या बरोबरीने आहे, म्हणजे वाचलाय.

८५०आयला हे काम नाहीच. हायड्रॉलिक टॅपेट, फट आपली आपण सांभाळतात. झाकण उघडायचं कारण नाही, म्हणून आत काय चाललंय हेही कळत नाही.

११ मे

पाऊस. दोन्ही गाड्यांचे ब्रेक पाईप बदलले. लिहिण्यासारखं काही नाही, पाठ मोडली.

१ जून

सीएसआय सुरू झाली. धूर काळा, वास पेट्रोलचा, प्लग काजळीने माखलेले. मिश्रणात पेट्रोल जास्त.

डी-जेट्रॉनिक म्हणजे सुरुवातीच्या काळातलं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. त्यात संगणक म्हणावा असं काही नाही, सगळा हिशोब ट्रान्झिस्टर आणि रोधकांचा. इनटेकमध्ये हवेची ओढ किती, हे मुठीएवढा एक धातूचा डबा मोजतो आणि त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडे राहायचे ते ठरतं. त्या डब्यात कागदासारखा पातळ पडदा असतो. वयाने तो तडकतो, मग डब्याला वाटतं इंजिन सतत चढावर आहे, आणि पेट्रोल ओतलं जातं. हातपंपाने डब्याला निर्वात दिला : सुई चढली आणि माझ्या डोळ्यांदेखत घसरत शून्यावर आली. निदान झालं. पडद्याचे नवे नग आता हौशी लोकच बनवून विकतात. तो घातला आणि मग आतल्या स्क्रूचा पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करत संध्याकाळ गेली. शेवटी प्लग तपकिरी, चहाच्या रंगाचे.

मी दिवसभर सर्किट आणि सॉफ्टवेअरमध्ये असतो, त्यामुळे हा डबा मला फार आवडला. सगळं गणित एका पत्र्याच्या लवण्यात. तरी मनात हेही आलं की हे दुरुस्त करायला मी लागत नाही. हातपंप आणि सबुरी असलेला कुणीही चालतो.

२२ जून

८५०आय. सुरू होते, आवाज रेशमी, इंजिनावर नाणं उभं ठेवावं. वीस मिनिटांनी गरम झाली की अचानक थरथरते आणि अर्धमेली होते. अर्धमेली हा शब्द मी मोजून वापरतोय. हे इंजिन म्हणजे एका क्रँकवर (मुख्य दांड्यावर) बसवलेली दोन सहा-सिलिंडर इंजिनं. प्रत्येक बाजूला वेगळा कंट्रोल युनिट, वेगळा डिस्ट्रिब्युटर, वेगळा थ्रॉटल (हवेची झडप), हवा मोजायचा मीटर वेगळा, पेट्रोलचा पंपसुद्धा वेगळा. अ‍ॅक्सिलरेटरला ओढायची केबल नाही. पेडल फक्त विजेचा निरोप पाठवतं आणि दोन मोटरी दोन थ्रॉटल उघडतात. १९८९ साली!

हीच रचना निदानाला उपयोगी पडते. एका बाजूच्या युनिटचा रिले उपटला की गाडी उरलेल्या सहांवर चालते. थंड असताना दोन्ही बाजू एकेकट्या चालल्या. गरम झाल्यावर उजवी बाजू एकटी सुरूच होईना. मास्तर म्हणाले, "सहा जण पालखी वाहतायत, सहा जण वर बसलेत." (पालखी मी घातली. ते खाट म्हणाले होते.)

२९ जून

क्रँकचा वेग वाचणारे सेन्सर दोन, पुढच्या पुलीपाशी, प्रत्येक युनिटला एक. काढून टेबलावर घेतले. थंड असताना दोन्ही पाचशे ओहमच्या जरा वर, नावं ठेवायला जागा नाही. मग घरून आणलेला केस वाळवायचा ड्रायर. पहिला : पाचशे पन्नास, पाचशे ऐंशी, सहाशे, संथपणे चढतोय. दुसरा : पाचशे पन्नास, पाचशे सत्तर, आणि मीटरवर एकदम काहीच नाही. आतली केसाएवढी तार गरम झाली की कुठेतरी सुटते, गार झाली की पुन्हा टेकते. ड्रायर बंद करून मोजलं, चार मिनिटांत आकडा परत आला. तीनदा केलं, तीनदा तेच. मास्तरांना बोलावून चौथ्यांदा करून दाखवलं.

आजचा दिवस मला या गाडीवर सगळ्यात जास्त आवडला. हात स्वच्छ राहिले याची थोडी शरम वाटली.

१३ जुलै

सेन्सर आला, बसवला, तासभर चालवून ठेवली, बाराही सिलिंडर पालखीला. पण उजव्या दाराचं रबर तडकलंय आणि ते कुठेच मिळत नाही. एका विक्रेत्याने दोन आठवडे "येतंय" म्हणून झुलवलं आणि शेवटी "येणार नाही" म्हणून कळवलं. सीएसआयचा उंबरा एका दुपारीत हाताने घडला. हे रबर घडवायला साचा लागतो, आणि साचा पन्नास जणांनी मिळून मागितला तरच कुणी करेल. नवी गाडी जपायला सोपी असा माझा जो समज होता तो गेला. पत्रेवाले पन्नास वर्षांनीही असतील. १९९१च्या कंट्रोल युनिटचा सोल्डर वाचणारे किती असतील याची मला खात्री नाही.

तात्पुरतं : तडकलेल्या जागी सिलिकॉन ग्रीस आणि प्रार्थना.

१७ जुलै, बुधवार

तपासणी. सीएसआयकडे 'एच' पाटी (जुन्या, जपलेल्या गाड्यांची नंबरप्लेट) जुनीच आहे, तिची नेहमीची दोन वर्षांची तपासणी पास. ८५०आयला 'एच'साठी पहिलाच दाखला : गाडी तीस वर्षांवरची हवी, स्थिती चांगली हवी, मूळ रूप राखलेलं हवं. मिळाला की वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो. पाच लिटरच्या इंजिनाला ही मेहेरबानीच. आधीच्या मालकाने बसवलेला ब्लूटूथवाला रेडिओ मी दोन शनिवार घालवून काढला होता, मूळ कॅसेटवाला शोधून बसवला होता. परीक्षकाने रेडिओकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला फक्त दिवे उघडताना बघायचे होते. तीनदा उघडायला लावले.

दोन्ही पास.

१० ऑगस्ट

पहिली खरी फेरी. ए ९२ ऑटोबानने डेगेनडोर्फपर्यंत जाताना सीएसआय, येताना ८५०आय.

सीएसआय १३०ला चौथ्या गिअरमध्ये साडेतीन हजार फेऱ्यांच्या वर, इंजिन गात असतं आणि आपल्याला पाचवा गिअर आठवत राहतो. स्टिअरिंग मोठं, बारीक, जरा सैल. वारा काचांच्या कडेने शिट्टी घालतो. पण खांब इतके बारीक की वळणावर डोकं हलवावंच लागत नाही. गावातल्या रस्त्यावर, ६०-७०ला, हिच्यासारखं सुख मी चालवलेलं नाही. लोक हात करतात.

८५०आय १३०ला सहाव्यात अडीच हजारांच्या जरा वर. वाऱ्याला कापण्याचा आकडा ०.२९, आणि तो ऐकू येतो म्हणजे काहीच ऐकू येत नाही. १८०ला मास्तर शेजारी डुलकी घेत होते. गावात शिरलो तेव्हा मात्र जहाज गल्लीत घातल्यासारखं झालं. कुणी हात केला नाही. एका पोराने तेवढं आईला थांबवलं.

पेट्रोल : सीएसआय १०० किलोमीटरला १४.६ लिटर, ८५०आय १५.९. मधे अठरा वर्षं आणि सहा सिलिंडर आहेत हे लक्षात घेतलं तर आकडे बघून हसू येतं.

७ सप्टेंबर

गणपती. गॅरेज बंद.

१२ ऑक्टोबर, दसरा

खंडेनवमीची पूजा काल राहिली, आज केली. झेंडू मास्तरीणबाईंच्या बागेतला. इथे त्याला 'विद्यार्थ्यांचं फूल' म्हणतात, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. टेबलावर फडकं अंथरून नट-बोल्टचे पाने, मीटर, टॉर्क रेंच आणि ती सायकलच्या आरीची तार मांडली. दोन्ही गाड्यांच्या नाकाला हार. मास्तरांनी विचारलं, हाताने वाकवलेल्या तारेलाही? म्हटलं, तिला आधी.

मग त्यांना सांगितलं. ८५०आय घेतो. ते म्हणाले, "फोटोमुळे." म्हटलं, फोटो एप्रिलमध्येच उतरला होता, मे-जूनमध्ये मी सीएसआयच घेणार होतो, किंमत परवडली नसती तरी कर्ज काढून. चांगल्या सीएसआयचे भाव साध्या ८५०आयच्या बरेच वर आहेत आणि ते का, हे मला आता कळतं. पण तिच्या आजाराला गावोगाव वैद्य आहेत. ८५०आयचे आजार तारांत आणि चिपांत आहेत, तिथे मला दिसतं, आणि माझ्या हाताशी अजून पंचवीस वर्षं आहेत. मास्तरांनी किल्ली फडक्यावरून उचलली, झेंडूची पाकळी झटकली आणि दिली. किंमत ठरली होती त्याहून पाचशे युरो कमी घेतली, कारण विचारलं तर "रबर" म्हणाले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

हंगामी पाटीची मुदत आज संपली. आता १ एप्रिलपर्यंत रस्ता बंद, मिठाचे ट्रक आले तरी चालतील. ८५०आय मास्तरांच्याच गॅरेजात राहील, भाडं महिन्याला एक शनिवार. दोन्ही टाक्या काठोकाठ, टायरमध्ये जास्तीची हवा, ८५०आयच्या दोन्ही बॅटऱ्यांना चार्जर. उजवी काच रबरावर ताण नको म्हणून बोटभर खाली ठेवली.

हिवाळ्यासाठी : उजव्या काचेची मोटर (अजून चौदावंच). दोन्ही कंट्रोल युनिट घरी नेऊन उघडायचे, सोल्डर बघायचा. रबराच्या साच्यासाठी माणसं जमवायची, आतापर्यंत अकरा. सीएसआयचे टॅपेट मार्चमध्ये पुन्हा एकदा बघायचे. तार मास्तरांनी माझ्या पेटीत टाकली आहे, परत द्यायची आठवण ठेवायची.